पाहणे आणि दिसणे

चाकणच्या बाजारात कांदा घेऊन येणारा शेतकरी असो, की पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार असो, एक प्रश्न दोघांनीही आयुष्यात केव्हा ना केव्हा ऐकलेला असतो. ‘डोळे कुठे होते तुझे?’ चूक झाली की पहिला प्रश्न हाच. शाळेतही तेच. फळ्यावर दीर्घ वेलांटी ठळक काढलेली असते आणि मुलगा वहीत ऱ्हस्व उतरवतो. गुरुजी विचारतात, ‘फळ्याकडे पाहिलं नाहीस का रे?’ मुलगा म्हणतो, ‘पाहिलं की, गुरुजी.’ आपल्याला वाटते, पोरगा खोटे बोलतो आहे. पण बहुधा तो खरेच बोलत असतो. त्याने पाहिलेले असते, त्याला दिसलेले नसते.

आपल्या भाषेने ही दोन क्रियापदे वेगळी ठेवली आहेत, हे किती बरे झाले! ‘मी पाहतो’ असे आपण म्हणतो, पण ‘मी दिसतो’ म्हटले तर अर्थच बदलतो. तिथे ‘मला दिसते’ असेच म्हणावे लागते. पाहणे माझ्या हातचे, दिसणे मात्र माझ्यापाशी आपणहून यावे लागते. या दोहोंच्या मध्ये जो एक दरवाजा आहे, त्याला आपण लक्ष म्हणतो. ते लागते, उडते, कोणी ते वेधून घेते, कोणाचे ते चुकवता येते. या दरवाजाविषयी आज थोडे बोलायचे आहे. मी इतिहासाचा माणूस असल्यामुळे सुरुवात इतिहासापासून करतो, आणि तीही चाकणपासून.

पुण्याच्या उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवर चाकणचा भुईकोट आहे. त्याचे नाव संग्रामदुर्ग. आज त्याच्या चारी बाजूंनी गाव आणि गावाभोवती कारखाने वाढले आहेत. १६६० साली मात्र पुण्याहून जुन्नरकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे मोक्याचे ठाणे होते, आणि फिरंगोजी नरसाळा तिथला किल्लेदार होता. औरंगजेबाचा मामा शायिस्ताखान मोठी फौज घेऊन पुण्यास आला होता. जूनमध्ये त्याने चाकणला वेढा घातला. भर पावसाळा, भोवती खंदक, आत मूठभर माणसे, आणि तरीही किल्ला सुमारे पंचावन्न दिवस भांडला. शेवटी मोगलांनी आपल्या मोर्चातून जमिनीखालून भुयार खणत ईशान्येच्या बुरुजापर्यंत नेले, त्यात दारू ठासली आणि १४ ऑगस्ट १६६० रोजी दुपारी सुरुंग उडवला. बुरूज उडाला. गंमत पाहा, बुरूज पडला तरी आत शिरायला वाट नव्हती. किल्लेकऱ्यांनी त्याच्या मागे मातीचा उंच बांध घालून ठेवला होता. त्या बांधाआडून ते रात्रीपर्यंत लढले. दुसऱ्या दिवशी कोट पडला आणि राव भाऊसिंह हाडा याच्या मध्यस्थीने फिरंगोजीने किल्ला खाली केला. खानाने चाकरी देऊ केली, ती त्याने घेतली नाही. मोगलांकडची २६८ माणसे मेली आणि ६०० जखमी झाली, असा हिशेब नोंदलेला आहे.

आता कोणी म्हणेल, की किल्लेकऱ्यांचे लक्ष चुकले म्हणून सुरुंग उडाला. हे मला मान्य नाही. सुरुंग जमिनीखाली होता. जे नजरेआड आहे ते न दिसणे यात लक्षाचा दोष नसतो, आणि मागे घातलेला बांध तर उलटेच सांगतो. डोळ्यांना न दिसणारा धोका त्यांनी मनाने ओळखून ठेवला होता. नजरेआडचे न दिसणे आणि नजरेसमोरचे न दिसणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला चर्चा करायची आहे ती दुसरीची. त्यासाठी चाकण जिंकणाऱ्या याच खानाच्या मागे पुण्याच्या लाल महालात जाऊ.

५ एप्रिल १६६३. रमजानचा महिना. खान लाल महालात उतरलेला, भोवती अफाट छावणी. शिवाजीमहाराज निवडक माणसांनिशी या छावणीतून आत शिरले कसे? खाफीखान हा मोगलांकडचा इतिहासकार. त्याचा बाप खानाच्या नोकरीत होता. तो लिहितो, की मराठ्यांची एक टोळी लग्नाची वरात म्हणून परवाना काढून वाजतगाजत शहरात आली, आणि दुसरी एक टोळी हात बांधलेले कैदी म्हणून, मारत झोडत, आणली गेली. दुसरी हकीकत अशी, की चौकीवर हटकले तेव्हा ‘आम्ही बादशाही फौजेतलेच दक्षिणी शिपाई, आपल्या जागेवर निघालो आहोत’ असे उत्तर मिळाले. कोणतीही हकीकत धरा, पहारेकऱ्यांचे डोळे उघडे होते. माणसे त्यांच्या समोरून गेली. त्यांना वरात दिसली, कैदी दिसले, शिपाई दिसले. शत्रू दिसला नाही. शत्रू दिसायला तो शत्रूसारखा यायला हवा होता! मग महालात जे व्हायचे ते झाले. खानाची बोटे तुटली, मुलगा अबुल फत्ते मारला गेला. परतताना कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना भलतीकडे धाडले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. पण आख्यायिका रचणाऱ्यालाही एक गोष्ट नेमकी ठाऊक होती, की काळोखात माणसाची नजर उजेडाच्या मागे पळते आणि उरलेला काळोख मोकळा राहतो.

तीन वर्षांनी आग्र्यास याहून नामी प्रकार घडला. १२ मे १६६६ ला दरबारात अपमान झाला आणि त्यानंतर महाराज नजरकैदेत पडले. फुलादखानाचा कडक पहारा बसला. मग आजारपणाचे निमित्त झाले, आणि मिठाईचे पेटारे रोज बाहेर जाऊ लागले. पहिले काही दिवस पहारेकऱ्यांनी पेटारे उघडून पाहिले. मिठाई. दुसऱ्या दिवशी मिठाई. तिसऱ्या दिवशी मिठाईच. पुढे कोण उघडतो? १७ ऑगस्टला महाराज निसटले. पेटाऱ्यांत बसून गेले की भोयांच्या वेषात गेले, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, ते असोत. पहारा ढिला कसा पडला, याबद्दल मात्र ही कथा जे सांगते ते माणसाच्या स्वभावाला धरून आहे. इकडे पलंगावर हिरोजी फर्जंद निजला होता. सभासद बखरीत आहे, की त्याने अंगावर शेला घेतला होता आणि हात तेवढा बाहेर ठेवला होता. पहारेकरी डोकावत आणि हात पाहून परत जात. त्या हातावरून त्यांनी अख्खा माणूस मनात पुरा करून घेतला. बाकीचे शरीर कोणाचे, हे पाहण्याची गरजच त्यांना उरली नाही.

मला नेहमी वाटते, की औरंगजेबाने फुलादखानाच्या हाती त्या दाराशी एक तराजू दिला असता तर इतिहास वेगळा झाला असता. हजार पहारेकऱ्यांपेक्षा एक तराजू भारी ठरला असता, कारण तराजूला कंटाळा येत नाही.

माणसाला का येतो, हे पुढे शास्त्राने मोजून पाहिले. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज हवाई दलातले सैनिक रडारच्या पडद्यासमोर तासन्‌तास बसत. समुद्रातल्या शत्रूच्या पाणबुडीची खूण म्हणजे पडद्यावर उमटणारा एक बारीक ठिपका. हे ठिपके सुटतात कसे, हा प्रश्न पडला. नॉर्मन मॅकवर्थ या संशोधकाने त्यासाठी एक साधे घड्याळ केले. त्याचा काटा दर सेकंदाला एक घर पुढे सरके, आणि क्वचित केव्हातरी दोन घरे उडी मारी. उडी दिसली की खूण करायची, एवढेच काम. दोन तास बसायचे. १९४८ साली त्याने निष्कर्ष छापले. पहिल्या अर्ध्या तासातच माणसे अधिकाधिक उड्या चुकवू लागत, आणि ही सगळी तरणीताठी, निवडक, जिवावरच्या कामाची जाण असलेली माणसे होती. फुलादखानाच्या शिपायांना आपण झोपाळू म्हणून हसतो. हसण्याआधी अर्धा तास त्या घड्याळापुढे बसून पाहावे.

पण आपली विद्या याच्या कितीतरी आधी इथवर पोचली होती. मन दुसरीकडे होते म्हणून समोरचे पाहिले नाही, खरे पाहते ते मन, असा विचार बृहदारण्यक उपनिषदात आला आहे. न्यायदर्शनाने तर यातून सिद्धान्तच काढला. मन अणूएवढे आहे, ते एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाते, म्हणून दोन ज्ञाने एकदम होत नाहीत. आणि चाकणहून हाकेच्या अंतरावर असलेल्या आळंदीचे ज्ञानेश्वर नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे काय मागतात? अवधान. तिकडे जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाने हेच प्रयोगाने दाखवले. काळोख्या पेटीत अक्षरे लावली, मध्यभागी छिद्राचा एक प्रकाशबिंदू ठेवला, आणि नजर त्या बिंदूवर खिळवून मनाने आधीच ठरवले, की डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात लक्ष द्यायचे. मग विजेची ठिणगी उडवून पेटी क्षणभर उजळली. ठिणगी इतकी क्षणिक, की तेवढ्यात बुबुळ हलणे शक्य नाही. तरीही मन जिकडे ठेवले होते तिकडचीच अक्षरे वाचता आली, बाकीची नाही. डोळा मध्यभागी, लक्ष कोपऱ्यात!

हा प्रयोग तुम्हाला वर्गात पेटीशिवायही करता येईल. या पानावरच्या कोणत्याही एका शब्दावर नजर रोखून धरा. बुबुळ हलू देऊ नका. आता त्याच्या उजवीकडच्या शब्दाकडे नुसते लक्ष द्या, मग खालच्या ओळीकडे द्या. लक्ष सरकते तसा तिकडचा शब्द जरा उजळल्यासारखा होतो. हा भास नव्हे. २००४ साली मारिसा करास्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की फिकट पट्ट्यांकडे लक्ष वळवले की त्या आहेत त्याहून गडद वाटतात. म्हणजे लक्ष हे फक्त दार उघडणारे नाही, आत येणाऱ्याचा रंगही ते थोडा बदलते. याच प्रयोगात दुसरी गोष्टही ध्यानात येईल. दोनचार शब्दांपलीकडे काही नीट वाचताच येत नाही. हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाभोवतीचा थोडा भाग, एवढेच आपल्या डोळ्यांचे खरे तीक्ष्ण क्षेत्र. बाकीचे शिवार आपण धूसर पाहतो, आणि ते स्वच्छ दिसते आहे अशी समजूत करून घेऊन चालतो.

१९९९ साली अमेरिकेत डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्री या दोघांनी केलेला प्रयोग आता जगभर ठाऊक आहे. चित्रफितीत काही मुले चेंडू फेकत आहेत. पांढऱ्या सदऱ्यातली मुले किती वेळा चेंडू देतात ते मोजा, असे सांगितले. मध्येच गोरिलाचा वेष केलेली एक व्यक्ती पडद्यावर येते, मधोमध थांबते, छाती बडवते आणि निघून जाते. पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ती दिसलीच नाही. याला तुम्ही पोरखेळ म्हणाल, तर २०१३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग ऐका. फुप्फुसाच्या चित्रांत गाठी शोधणाऱ्या २४ तज्ज्ञ डॉक्टरांना जी चित्रे दिली, त्यांतल्या शेवटच्या संचात एक गोरिला घुसडला होता. नेहमीच्या गाठीच्या अठ्ठेचाळीस पट मोठा. २४ पैकी २० जणांना तो दिसला नाही. आणि ज्यांना दिसला नाही, त्यांच्यापैकी बहुतेकांची नजर नेमकी त्याच जागेवरून गेली होती, हे यंत्राने टिपले होते. ते गाठ शोधत होते, गाठ शोधायला तयार झालेल्या मनाला गोरिला कसा दिसावा? त्या पहारेकऱ्यांना वरातीत शत्रू कसा दिसावा?

आता पिंपरीकडे वळू. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी इथे उभी राहिली आणि १९५५ पासून पेनिसिलिन निघू लागले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा त्याला हातभार होता. पिंपरीच्या माळावर कारखानदारीची पहिली मोठी चूल इथे पेटली, असे म्हणायला हरकत नाही. आणि पेनिसिलिनचा जन्म तरी कशातून झाला? १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगच्या एका बशीत बुरशी पडली. बुरशी पडणे काही नवे नव्हते. तशा बशा कोणीही धुऊन टाकतो. पण त्या बुरशीभोवती जंतू विरघळून मोकळे कडे झाले होते, त्याकडे त्याचे लक्ष गेले. पिंपरीच्या प्रयोगशाळेतही मग हेच काम चाले. जागोजागची माती आणायची, तिच्यातले सूक्ष्म जीव बशीत वाढवायचे आणि मोकळे कडे शोधायचे. डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशाच शोधात एक जीव सापडला, त्याच्यापासून बुरशीजन्य रोगांवरचे ‘हॅमायसिन’ हे औषध निघाले. त्या जीवाचे शास्त्रीय नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे ठेवले. आपल्या गावाचे नाव असे शास्त्राच्या पोथीत बसले आहे, हे पिंपरीच्या किती मुलांना शाळेत सांगितले जाते? सांगायला हवे.

औषधाच्या कुप्या भरल्या की त्या तपासाव्या लागतात. काळ्या आणि पांढऱ्या पडद्यासमोर, उजेडात, कुपी धरून फिरवायची आणि काचेचा कण, तंतू, तडा दिसतो का ते पाहायचे. वर्णन सोपे आहे. काम मात्र तेच मॅकवर्थच्या घड्याळाचे. आणि यात एक अवघड पेच आहे, तो २००५ साली जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड केला. शोधायची वस्तू शंभरातल्या पन्नास चित्रांत होती, तेव्हा माणसे ती सुमारे ७ टक्के वेळा चुकवत. तीच वस्तू शंभरात एकदाच ठेवली, तेव्हा चुकण्याचे प्रमाण ३० टक्क्यांवर गेले. माणसे तीच, डोळे तेच. फक्त दोष दुर्मीळ झाला. याचा अर्थ नीट लावा. कारखाना जितका चांगला, तितके दोष कमी, आणि उरलेले दोष तितकेच अधिक निसटणारे. पिंपरीची कुपी असो की चाकणला आज तयार होणाऱ्या मोटारीच्या पत्र्यावरचा ओरखडा असो, हा नियम दोन्हीकडे लागू आहे.

मग रात्रपाळीच्या शेवटी एक खराब नग निसटतो, आणि तपासनिसाला विचारले जाते, ‘डोळे कुठे होते?’ पगार कापला जातो, कधी नोकरीवर येते. माझ्या मते हा निवाडा अर्धवट आहे. बेफिकिरी असते, नाही असे नाही, आणि ती झाकण्यासाठी शास्त्राचा आडोसा कोणी घेऊ नये. पण सलग तासन्‌तास एकच वस्तू पाहायला बसवून नंतर त्या माणसाच्या नेकीवर शंका घेणे, हे ज्या घोड्याला पाणी दाखवले नाही त्याला थकला म्हणून चाबूक मारण्यासारखे आहे. काम अर्ध्या-पाऊण तासाने बदलून द्यावे. मुद्दाम खूण केलेले काही दोषी नग मध्ये मध्ये सोडावेत, म्हणजे दोष दुर्मीळ राहत नाही आणि मन जागे राहते. विमानतळावर सामान तपासणाऱ्या यंत्रांत अशी खोटी चित्रे मुद्दाम घालतात, ती याचसाठी.

जपानी लोकांनी तर तराजूचीच युक्ती केली. शिगेओ शिंगो नावाचे एक अभियंते १९६१ साली एका कारखान्यात गेले. तिथे बटणाच्या जोडणीत दोन बारीक स्प्रिंगा बसवायच्या असत आणि कामगार कधी एखादी विसरत. मालक रागावे, कामगार माफी मागे, पुन्हा तेच. शिंगो यांनी एवढेच सांगितले, की आधी दोन स्प्रिंगा एका बशीत काढून ठेवा आणि मग जोडा. जोडणी झाली आणि बशीत एक उरली, तर विसरलेली लगेच समजते. लक्ष ठेवण्याचे काम त्यांनी माणसाच्या डोक्यातून काढून बशीत ठेवले.

त्याच जपानात रेल्वेचा चालक सिग्नल नुसता पाहत नाही. त्याच्याकडे बोट करतो आणि मोठ्याने म्हणतो, ‘सिग्नल हिरवा.’ आपल्याला पाहून हसू येते. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ साली मोजले, तेव्हा बोट आणि आवाज यांच्या जोडीने शंभर कामांमागे २.३८ होणाऱ्या चुका ०.३८ वर आल्या. चाकणच्या चौकात पुणे-नाशिक रस्त्यावर वळणाऱ्या ट्रकचालकाला येणारी मोटारसायकल ‘दिसली नाही’ असे जेव्हा तो सांगतो, तेव्हा तो दरवेळी खोटे बोलत असतो असे नाही. त्याचे डोळे मोठ्या गाड्या शोधत असतात. डावीकडे, उजवीकडे नुसती मान फिरवण्याऐवजी ‘सायकल आहे का, मोटारसायकल आहे का’ असे मनाशी उच्चारून पाहायला त्याला एक क्षण अधिक लागेल, एवढाच खर्च.

आणि गुरुजी, हेच आपल्या वर्गातही आहे. पहिली-दुसरीतले मूल वाचताना ओळीखाली बोट ठेवते. ते काढ म्हणून आपण त्याला लगेच दटावतो, मोठ्या माणसासारखे वाच म्हणतो. त्या बोटाने ते मूल आपले लक्ष धरून ठेवत असते. अक्षर पक्के झाले की बोट आपणहून गळून पडते. तोवर ते राहू द्यावे. आणि शुद्धलेखन तपासून परत देताना चुकीभोवती लाल वर्तुळ काढण्यापेक्षा ‘या ओळीत दोन वेलांट्या चुकल्या आहेत, शोध’ असे लिहून पाहा. वर्तुळ काढले की शोधण्याचे काम आपण करतो, मुलाला फक्त पाहायचे उरते. दोन म्हणून सांगितले, की ते मूल बोट ठेवून एकेक अक्षर धुंडाळते, आणि बहुधा तिसरीही चूक काढून दाखवते, जी आपल्यालाही दिसलेली नसते.